घडीमास्तरांनी लॅपटॉप वाळवला

घडीमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. उभा जन्म लाँड्रीत गेलेला. शर्टाची घडी अशी घालायचे, की गिऱ्हाइकाला ती मोडवत नसे. एक वकील म्हणे त्यांची घडी मोडायला नको म्हणून कालचाच चुरगळलेला शर्ट घालून कोर्टात गेला होता. ही गोष्ट स्वतः मास्तरच सांगत, तेव्हा तिच्यात पदरचं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पुढे दुकान बंद झालं, बायको गेली आणि मास्तर मुलाकडे राहायला आले. येताना जुनी जड इस्त्री तेवढी बरोबर आणली. घरात माणसं तीन, त्यांचे कपडे असे कितीसे असणार? ते सकाळीच हातावेगळे होत. मग मास्तर पडदे काढत, उशांचे अभ्रे काढत, आणि एकदा तर पायपुसण्याला इस्त्री करताना सापडले. मागच्या महिन्यात इस्त्री चालू ठेवून ते खिडकीशी गेले नि टेबलक्लॉथला इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं. तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आता आणखी एक घोटाळा झाला ना, तर इस्त्री माळ्यावर. मग रुसायचं नाही." मुलगा शब्दाचा पक्का. तेव्हापासून मास्तरांचा जीव टांगणीला लागलेला. इस्त्री माळ्यावर गेली तर दिवसभर आपण खाली बसून करायचं काय, हे काही केल्या त्यांना सुचत नव्हतं.

घरात भक्कम टेबल एकच, जेवणाचं. त्याच्या एका टोकाला सून लॅपटॉप उघडून बसे आणि कुठल्या कुठल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना दिवसभर लेखी उत्तरं देई. दुसऱ्या टोकाला मास्तर. दोघांत भांडण नव्हतं, पण गप्पाही नव्हत्या. ती खटखट करी, हे वाफ काढत.

मुलगा कामासाठी परगावी गेला होता. त्या सकाळी सून लॅपटॉप टेबलावर उघडाच ठेवून अंघोळीला गेली होती. मास्तरांनी चादर घेतली. फवाऱ्याच्या बाटलीवर त्यांचा विश्वास नव्हता; भांड्यात बोटं बुडवून पाणी शिंपडल्याशिवाय कापडाला घडी धरता येत नाही, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी चादर ओढली, चादरीबरोबर भांडं आलं आणि भांड्यातलं सगळं पाणी लॅपटॉपवर गेलं. पडद्यावर एक निळी रेघ थरथरली आणि तो काळा झाला.

मास्तरांनी झटकन वायर काढली, लॅपटॉप उलटा केला, पाणी निथळू दिलं. इथपर्यंत एखाद्या शहाण्या माणसालाही नावं ठेवायला जागा नव्हती. पण ओल्या वस्तूवर पुढे काय करायचं, याचा एकच इलाज त्या हातांना ठाऊक होता. त्यांनी लॅपटॉप सरळ करून बटणांवर मलमलीचा फडका पसरला, इस्त्री अगदी मंद केली आणि जपून, प्रेमाने फिरवली. प्लास्टिकचा वास नाकात गेला तेव्हा कुठे त्यांचं डोकं ठिकाणावर आलं. फडका उचलला, तर सगळ्यात लांब बटणाला मधोमध बाक आला होता.

मास्तरांचं धाबं दणाणलं. ते दाराबाहेर आले. शेजारीण म्हणाली, "तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा." वरचा भाडेकरू जिना उतरत म्हणाला, "छे, तांदूळ कसले! केस वाळवायचं मशीन लावा." खालून रखवालदाराने ओरडून सांगितलं, "उन्हात टाका, उन्हात!" प्रत्येक जण असा छातीठोकपणे बोलत होता, की मास्तरांना तिघांचंही पटलं. सून बाहेर आली तेव्हा एका हातात तांदळाचा डबा नि दुसऱ्या हातात लॅपटॉप घेऊन ते खिडकीतलं ऊन शोधत होते.

"माझ्या हातून पाणी सांडलं, सूनबाई," ते कसंबसं म्हणाले. "फार सांडलं."

आता ही आकाशपाताळ एक करणार, असं धरून ते उभे राहिले. सुनेने लॅपटॉपकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे पूर्णच बंद झाला?"

तो आवाज रागाचा नव्हता. मग कशाचा होता? मास्तर बुचकळ्यात पडले ते तिथपासून.

दोघं मिळून मागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याने मागचं झाकण उघडलं, बॅटरी सोडवली, आतलं पाणी टिपलं. मग बाक आलेल्या बटणावर बोट ठेवून म्हणाला, "पाण्याचं समजलं. पण हे वितळलं कसं?"

"रेशमावर ठेवली होती," मास्तर म्हणाले.

"काय?"

"इस्त्री. सुतीवर नव्हती ठेवली."

दुरुस्तीवाला आ वासून सुनेकडे बघत राहिला. सून छताकडे बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. ही रडते आहे, असं समजून मास्तरांनी खिशातला घडीचा रुमाल तिच्यापुढे धरला.

"असाच उघडा, उलटा, पंख्याखाली ठेवा," दुरुस्तीवाला म्हणाला. "ऊन नको, तांदूळ नको, गरम वारा नको. आणि काका, तुम्ही तर लांबच राहा. पूर्ण वाळला की आणा, बॅटरी जोडून देतो. चालेल बहुतेक. पण आत थेंबभर ओल असताना घाई केलीत, तर मग माझ्याकडे येऊ नका."

घरी आल्यावर सुनेने ऑफिसला फोन केला. "मशीन बंद पडलंय. नाही हो, कधी होईल सांगता येत नाही." आवाज असा पडलेला, की कोणालाही दया यावी. चेहरा मात्र पडलेला नव्हता. फोन ठेवून ती आडवी झाली आणि दुपारचं जेवणसुद्धा न घेता संध्याकाळपर्यंत झोपली. काळजीने झोप उडते हे मास्तरांना माहीत होतं. काळजीने अशी झोप लागते हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती उशिरा उठली. चहाचा कप घेऊन मास्तरांच्या टोकाला येऊन बसली. वकिलाची गोष्ट तिने मुद्दाम विचारून घेतली, आणि दुरुस्तीवाल्याचं ते उघडं तोंड आठवून इतकी हसली, की तिला ठसका लागला. मास्तरांना बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. आपण हिचं नुकसान केलं, आणि ही हसते कशी?

मग ती एकदम म्हणाली, "दिवसभर माफी मागते मी, बाबा. न केलेल्या गोष्टींची. लोक काय वाटेल ते लिहितात, आणि मी लिहायचं, तुमच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. रात्री डोळे मिटले तरी तेच दिसतं."

"मग सांग ना नवऱ्याला."

"सांगितलं तर तो म्हणेल, सोड नोकरी. आणि सोडायची तर मला नाहीये." तिने रिकामा कप बाजूला ठेवला. "थोडं थांबायचं होतं, एवढंच."

मास्तरांना सोडणं आणि थांबणं यातला फरक नीटसा कळला नाही. ते उठून पंख्याखालच्या लॅपटॉपकडे गेले. दिवसातून कितीदा तरी जात. मुलगा यायच्या आत तो वाळून सुरू झाला, तर वाकड्या बटणाचं पुढे काहीतरी सांगता आलं असतं, आणि इस्त्री खालीच राहिली असती. पण वाळला हे ओळखायचं कसं? कापड गालाला लावलं की ते खरं बोलतं. याचं धातूचं अंग कायम गार, म्हणून ओलं वाटे. प्लास्टिक कायम कोरडं, म्हणून वाळल्यासारखं वाटे. कशावर विश्वास ठेवावा, त्यांना कळेना.

शेवटी मुलगा यायच्या दिवशी सकाळी त्यांनी टिपकागदाच्या बारीक सुरळ्या करून एकेका फटीत सरकवल्या. सगळ्या कोरड्या निघाल्या. वास घेतला. ओलीचा मागमूस नव्हता. लॅपटॉप वाळला होता. आत्ता उठून दुरुस्तीवाल्याकडे गेलं, तर संध्याकाळपर्यंत सगळं जिथल्या तिथे होणार होतं. मास्तरांचं काळीज हलकं झालं.

"बाबा," आतल्या खोलीतून सुनेचा झोपाळू आवाज आला, "वाळला का हो?"

मास्तर दारात गेले. तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं होतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं किंचित फिकी झाली होती. त्यांनी तोंड उघडलं ते 'हो' म्हणायला.

"अजून आत ओल आहे," ते म्हणाले.

"मलाही तसंच वाटतं," ती म्हणाली. दोन दिवसांत तिने त्या यंत्राला हातही लावला नव्हता. तिने कूस बदलली आणि घटकाभरात तिचा श्वास संथ झाला.

तिचा फोन मास्तरांनी बाहेर आणला. तो थोड्या वेळाने वाजला. मुलाचा होता.

"बाबा? ती कुठे आहे? मशीन बंद आहे म्हणून मला तिच्या ऑफिसातून फोन. काय झालंय?"

"माझ्या हातून पाणी सांडलं," मास्तर म्हणाले. "वर इस्त्रीही फिरवली."

"कशावर?"

"लॅपटॉपवर."

"बाबा, मी काय म्हणालो होतो?"

"माळ्यावर. लक्षात आहे माझ्या. आलास की शिडी लाव, मी खालून देतो."

"आधी तिला फोन द्या."

"झोपली आहे ती."

"मग उठवा ना!"

"नाही उठवणार," घडीमास्तर म्हणाले, आणि त्यांनी दार हलक्या हाताने ओढून घेतलं.