म्हस्कूला लोकर कळत नाही

निरवांगीच्या बिरूतात्यांनी घोंगडी नुसती हातात घेऊन वजन सांगावं आणि वाण्याच्या तराजूनं ते निमूट कबूल करावं. या विद्येचा तात्यांना भयंकर गर्व. मेंढरं केव्हाच विकली, शेती आली, पण गर्व तेवढा जपून ठेवला. तोच त्यांनी एकुलत्या एका म्हस्कूला शिकवला, आणि पोरगं त्यापायी फासापर्यंत पोचलं.

१९९४ साली म्हस्कू बारामतीच्या एका एजंटामार्फत परदेशी हमालीला निघाला. निघताना एजंटानं तिकडच्या कुणा साहेबासाठी म्हणून एक घोंगडी दिली. म्हस्कूला ती भलतीच जड लागली. पण संशय यायच्या ऐवजी त्याला विणकराची कीव आली. काय जाडंभरडं विणलंय, असं म्हणत त्यानं ती पिशवीत कोंबली. तिकडच्या विमानतळावर शिवण उसवली, तर आत गर्दची भुकटी.

त्या देशात गर्द आणणाऱ्याला फाशी होती. सुटायला वाट एकच, मला काही कळलं नाही म्हणायचं. कोर्टात दुभाष्यानं विचारलं, "घोंगडी जड लागली नाही का?" दुसरा कुणी असता तर पाय धरले असते. तात्यांचे चिरंजीव छाती काढून म्हणाले, "लागली की. आमच्या घरात डोळं झाकून वजन सांगत्यात. छटाकाचा फरक पडायचा न्हाय." न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि फाशी सुनावली.

अपिलात एकच मुद्दा उरला. ती फुशारकी खोटी होती, असं गावाकडून लेखी हवं होतं. बारामतीचे विजयसिंह वकील त्यासाठी निरवांगीला आले. सरपंच सर्जेरावांना असल्या कामाची भारी हौस. रस्त्याचा ठराव दोन वर्षं लोंबकळत होता. हा अर्ध्या तासात एकमतानं मंजूर झाला. 'म्हस्कू हा लहानपणापासून मंद असून त्यास लोकर व गोणपाट यांतील फरक समजत नाही.' त्याला निरोपाचे हार घालणारेच हसत हसत सह्या करत होते.

"तात्या, खरी किंमत तुमच्या अंगठ्याला," वकील म्हणाले. "शिकवणारे तुम्ही. आणि पत्रं जपून पाठवा. तुरुंगवाले आधी वाचतात."

"त्याच्या हाताला माझ्यापरीस जास्त कळतं," तात्या म्हणाले.

"मग तो फासावर जाईल."

तात्यांनी इंदापूरला जाऊन प्रतिज्ञापत्रावर अंगठा उठवला. लोकरीच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि घरी येऊन जेवले नाहीत.

दोन महिन्यांनी म्हस्कूचं पत्र आलं. पोस्टमननं वाचून दाखवलं. "कोर्टात तुमचा कागद ऐकला. गावानं लिवलं त्याचं काय न्हाय. तात्या, तुमी मनापासून लिवलं का? एवढंच कळवा."

अपिलाचा निकाल अजून लागायचा होता. तात्यांनी पोस्टमनला सांगितलं, "लिव्हा. व्हय, मनापासून लिवलं. तुला लोकर कंदीच कळली न्हाय."

पावसाळ्यानंतर फाशी रद्द होऊन वीस वर्षांची कैद झाली. गावानं अक्कल लढवून माणूस वाचवला, म्हणून सर्जेरावांनी पेढे वाटले आणि फोटोही काढून घेतला. तात्यांनी पेढा घेतला, खाल्लाही.

म्हस्कूचं पत्र पुन्हा आलं नाही.