नातवासाठी जपलेली कुंची

मैत्रिणींनो, आज मंडळाच्या फळ्यावर सूचना नाही. सकाळी माझ्याच अंगणात घडलेलं लिहिते आहे.

पाऊस सरला, म्हणून पेटीतले मुलींचे कपडे उन्हात घालत होते. तळाशी कडुनिंबाच्या पाल्यात बाळाची जरीची कुंची होती. मला दोन मुली. धाकटी सात वर्षांची झाली, तरी सासूबाई दरवर्षी त्या कुंचीला ऊन देऊन होणाऱ्या नातवासाठी परत ठेवतात. यंदा भांडायचंच, असं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात मासे विकणारी शेवंता आली. तिच्या सुनेला परवा मुलगी झाली. "तिसरी हो," ती हळूच म्हणाली.

"हळू काय बोलतेस गो? चोरी केलीस काय?" सासूबाईंनी कुंची तिच्या हातात ठेवली. "घाल तिला."

"आणि तुमच्या नातवाला?"

"मला दोन नाती आहेत. पुरे झालं."

हेच मी सभांतून घसा फोडून सांगते. सासूबाई एकाही सभेला आल्या नाहीत. आज मात्र त्यांची सून म्हणवून घेताना माझी मान ताठ झाली.

बायांनो, न जन्मलेल्या मुलासाठी तुमच्या घरी काय जपून ठेवलंय? ते कोणत्या मुलीच्या अंगावर घालाल?