मावशीचा अर्ज

आमच्या प्रसूतिगृहात नवी नर्स रुजू झाली की मावशी तिचं नावगाव नंतर विचारी. पहिला प्रश्न ठरलेला, "शिकाले होत्या तवा लेकरं कोनापाशी ठेवले होते?" आम्ही बहुतेक बिनलग्नाच्या. एकजण तर रडकुंडीला आली होती. मावशीला त्यात काही वावगं वाटत नसे. तिला तीन मुली होत्या, शिकायचं होतं, आणि आपल्या आधी कुणीतरी हे जमवलेलं असणारच अशी तिची खात्री होती.

ती आमच्या वॉर्डातली आया. प्रसूतिगृह अमरावतीत, राजापेठेच्या मागच्या गल्लीत. मी तिथं नर्स होते. ती माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी, तरी मीही तिला मावशीच म्हणायची. नवरा कापसाच्या जिनात कामाला होता, तिथल्या धुळीनं छाती भरून गेला. मावशी सातवी पास होती. पोटावर हात ठेवून मूल आडवं आहे हे ती डॉक्टरीणबाईंच्या आधी सांगे, आणि सांगून झालं की फडकं घेऊन फरशी पुसायला बसे. मला त्याचा संताप येई. ती म्हणे, "फरशी कोन पुसन मंग? तुमी?"

कोर्स तिनं स्थळं पाहावीत तसे पाहिले. नागपूरचा तीन वर्षांचा. "घरानं मोठं हाय, पन लेकरं चालत नाई त्यायले." अकोल्याचा मिडवाईफचा दीड वर्षाचा. तिथं तिची बहीण एका खोलीत राहत होती आणि मावशीसह थोरल्या दोघी पोरींना ठेवून घ्यायला तयार होती. तिसरी मावत नव्हती. तिला चांदूर रेल्वे या गावी सासूकडं ठेवायचं, महिन्यातून एका रविवारी गाडीनं जाऊन भेटायचं. नागपूरची भरपूर तारीफ मी केली, पण तिनं अकोला पक्कं केलं.

मावशी कुठलंही काम आधी करून पाही. अर्ज भरायच्या कितीतरी आधी तिनं धाकटीला चांदूरला नेऊन सोडलं. चार वर्षांची पोर. "सवय होऊ द्या आतापासून, मंग जड नाई जात." पहिल्या रविवारी पोर गाडीपर्यंत रडत आली. तिसऱ्या खेपेला ती आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. परत आल्यावर मावशी म्हणाली, "बरं झालं, रमली." आणि पुसलेली फरशी पुन्हा पुसायला बसली.

अर्ज मी भरला. बाकीचं भरून झाल्यावर जातीचा रकाना आला. मावशी नवरा गेल्यावर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. धर्म बदलला की जुन्या जातीची सवलत बंद, असा तेव्हा नियम होता. सवलतीवर जागाही मिळत होती आणि शिष्यवृत्तीही. त्याशिवाय पगार सोडून तिला शिकताच येणार नव्हतं. मी सरळ म्हटलं, "जुनीच लिहिते. कागदावर लिहायचं आणि विसरून जायचं."

"तुमाले इसरता येते, बाई. तुमाले कोनी आठवन करून देत नाई."

मी चिडले. नुसता हट्ट आहे म्हणाले, पोरींचं नुकसान करते आहेस म्हणाले. तिनं ऐकून घेतलं. "थोरलीले पाटीवर म्या लिवून देल्लं, आपन आता कोन हाओ ते. शाळंत तिनं मार खाल्ला, पन तेच सांगतलं. आता म्या आपल्या हातानं खोडू?"

मी ‘बौद्ध’ लिहिलं. रागारागानंच लिहिलं, हे आज कबूल करते. नकाराचं पत्र महिन्याभरात आलं. ते मी तिला वाचून दाखवलं. ती गरम पाण्याचं पातेलं उतरवत होती, ते तिनं उतरवलं.

त्या रविवारी ती धाकटीला परत आणायला चांदूरला गेली. पोर आली नाही. आजीच्या लुगड्याचा पदर सोडीना, मावशीनं उचलून घेतलं तर चावली. सासूनं म्हटलं, राहू दे थोडे दिवस. मावशी एकटीच परत आली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला हजर झाली.

पुढं काही वर्षांनी राज्यात नियम बदलला. बौद्धांनाही सवलत मिळू लागली. डॉक्टरीणबाईंकडून कळलं तशी मी धावतच मावशीकडं गेले. ती एका नवजात पोरीला पुसत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "वयाची अट काय हाय?"

ती अट मला पाठ होती. मावशीनं ती आदल्याच वर्षी ओलांडली होती, हेही मला ठाऊक होतं. तरी मी कशाला धावत गेले, कुणास ठाऊक. मी पोरीच्या दुपट्याची घडी करू लागले.

"असू द्या, बाई," ती म्हणाली. "फी तर म्या तवाच भरली. धाकटी अजून चांदूरलेच हाय."