शकूबाईंची मोटर

आमच्या सासूबाईंचा, म्हणजे शकूबाईंचा, यंत्रांवर राग नाही. राग आहे तो यंत्रांच्या उद्धटपणावर. "मिक्सर बघ," त्या म्हणतात, "आणला, पिन लावली, फिरला. तू कोण म्हणून कधी इचारलं न्हाय. आणि ह्यो टीव्ही! माझ्या घरात, माझ्या भिंतीवर, आणि मलाच सांगतो लॉगिन कर." फोनवर 'मान्य आहे' असं बटण आलं की त्या हटकून 'नाही' दाबतात. मग फोन अडून बसतो, त्याही अडून बसतात, आणि शेवटी मला शेजारच्या धनेशच्या फोनवरून फोन येतो.

मी मृणाल, त्यांची सून. माझा नवरा रितेश बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, म्हणून आम्ही राहतो उलव्यात, अकराव्या मजल्यावर. सासूबाई एकट्या दिवेआगरला, नारळी-पोफळीच्या वाडीत. दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दोन हजार वीसच्या वादळात अर्धीअधिक वाडी आडवी झाली. तेव्हा त्या रडल्या नाहीत. नवी रोपं लावायला घेतली आणि पहिल्याच खड्ड्याशी हमसून हमसून रडल्या, असं धनेश सांगतो. पोफळ काय आज लावली आणि उद्या सुपारी दिली असं होत नाही. यंदा कुठे त्या रोपांवर पहिला फुलोरा आलाय, आणि ऐन उन्हाळ्यात शिंपणं चुकलं तर तो गळणार. त्यामुळे मे महिनाभर बाईंचा सगळा जीव त्या पाण्यात.

रितेशने दोन वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. त्या पेटीत सिमकार्ड असतं. तिला फोन लावायचा, ती उचलते आणि गोड आवाजात सांगते, "मोटर बंद आहे. चालू करण्यासाठी एक दाबा." एक दाबलं की तिकडे पाणी सुरू. ज्याचा नंबर मालक म्हणून नोंदवलेला, त्याचंच ती ऐकते. मालक अर्थातच आमचे हे. शिवाय पाहुण्यांची पोरं हात लावतील म्हणून पेटीला कुलूप घातलेलं, आणि त्याची चावी उलव्यात, आमच्या किचनमधल्या खुंटीला.

रोज संध्याकाळी साहेब बाल्कनीत उभे राहून मोटरीला फोन लावायचे. ऑफिसात सांगायचे, "आपण मोबाईलवरून बागायत करतो." मला हसू यायचं. पण 'मोटर चालू झाली आहे' हे ऐकताना त्याचा चेहरा असा काही खुलायचा की चिडवायचा धीर व्हायचा नाही. आईला फोन मात्र रविवारी. मी टोकलं की म्हणायचा, "अगं, रोज काय बोलायचं? पाणी तर मी लावतोच आहे."

परवाच्या मे महिन्यात काय झालं, तर सासूबाईंनी वाडीतल्या मोकळ्या जागेत आमसुलं वाळत घातली होती. पाइपाचा सांधा निसटलेला, तो बसवायला धनेश यायचा होता. आणि आमच्या साहेबांना त्या दिवशी संध्याकाळी मीटिंग, म्हणून त्यांनी दुपारीच मोटर लावून टाकली! पाण्याचा लोंढा थेट आमसुलांवर. वर्षाची आमसुलं चिखलात गेली हो! सासूबाईंनी पेटीवर काठी हाणून पाहिली. रितेशला फोन केला, त्याने कामाच्या गडबडीत कापला. परत केला, परत कापला. मग चिडून त्यांनी मोटरीलाच फोन लावला. तिने लगेच उचलला आणि गोड आवाजात सांगितलं, "आपला नंबर नोंदणीकृत नाही. धन्यवाद."

शेवटी बाईंनी मीटरजवळचा मेन स्विच पाडला. मोटर थांबली, पण एसीत झोपलेले पुण्याचे पाहुणे घामाघूम होऊन बाहेर आले. त्यांनाही मग बोलणी बसली.

शनिवारी आम्ही तिकडे पोचलो तर पाणीसुद्धा विचारलं नाही. हात पुढे. "फोन दे."

"आई, अगं सिस्टीम असते ती," रितेश म्हणाला. "तुला जमायचं नाही. मी आता टायमिंग ठरवून घेतो ना तुझ्याशी."

"मला काय जमत न्हाय ते तू सांगू नको. हीर माझी, मोटर माझी, बिल माझ्या नावावर. आणि ती भवानी मलाच म्हणते धन्यवाद!"

मालक बदलायचा तर जुन्या मालकाच्या फोनवरूनच बदलावा लागतो. रितेशने फोन माझ्या हातात दिला आणि तो समुद्राकडे निघून गेला. मी सासूबाईंचा नंबर मालक म्हणून टाकला आणि म्हटलं, "याचाही राहू दे. दोन्ही नंबर चालतात."

"त्याचा काढ."

"अहो आई, कशाला? राहू दे की."

"काढ म्हणते ना."

काढला. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. जिंकलात ना, मग पोराला एवढं झिडकारायचं कशाला? रविवारी आम्ही परतीच्या वाटेला लागलो. माणगावजवळ रितेश म्हणाला, "वाडीतून हाकलल्यासारखं वाटलं गं." मला भरून आलं. मी रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सवयीने बाल्कनीत गेला, फोन लावला. "आपला नंबर नोंदणीकृत नाही." परत लावला. तेच. मग रेलिंगला टेकून फुगलेल्या तोंडाने आईला फोन केला. "पाणी लावलंस?"

"न्हाय अजून. लावू?"

"लाव. आणि मागच्या रांगेला आधी सोड, तिथे उतार आहे." मग पाइपाचा सांधा बसला का, माकडं येतात का, फुलोरा किती झाडांना, धनेशच्या पोरीचं लग्न कुठे ठरतंय. भाजी चिरून झाली, फोडणी पडली, तरी माणूस बाल्कनीतच. उद्या परत तेच, परवाही तेच. जेवायला हाका मारमारून माझा घसा बसायची वेळ आली.

नंतर रितेशला सुट्टी नव्हती म्हणून मी एकटीच दिवेआगरला गेले. सासूबाई ओसरीवर उरलीसुरली आमसुलं निवडत होत्या. फुलोरा छान टिकला होता. वाटलं, आता मन निवळलं असेल.

"आई, टाकू का त्याचा नंबर परत? एका मिनिटाचं काम आहे."

"कशाला? झाडांना पाणी मिळत न्हाय का?"

"मिळतंय हो. पण त्याला बिचाऱ्याला रोज तुम्हाला फोन करावा लागतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू जगात माझ्यासारखी येडी मीच. "दोन वर्सं रोज मोटरीला फोन करत व्हता," त्या म्हणाल्या. "मोटर काय त्याची आई हाय?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात आमसुलांनी लाल झाले होते, ते तसेच पदराला पुसून त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला.