खिडकी ओढली आणि मोर फुगला

शनिवारी नातीच्या कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन होतं. मी येऊ का, असं सकाळपासून तीनदा विचारलं... शेवटी अश्विनी वैतागून म्हणाली, "या की आप्पा, तुमचाच मोर हाय."

मी सीमाभागातल्या वडगावचा विणकर, सातवी शिकलेला. पदरावरचा मोर ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढायचो, मग तो मागावर चढायचा. माग भंगारात गेले, कागद राहिला. त्यावरूनच अश्विनीने गेम बनवला... एकेका चौकोनात रंग भरायचा आणि मोर पुरा करायचा.

आठ दिवसांपूर्वी तिने तो घरी लॅपटॉपवर दाखवला. छान होता. पण तिने गेमची खिडकी कोपऱ्याला धरून आडवी ओढली आणि मोर पसरून बदकासारखा झाला!

ही चूक मी केलेली आहे. तरुणपणी बारीक सुताचा ग्राफ तसाच ठेवला आणि आडवं सूत तेवढं जाड घातलं. इंचात धागे कमी बसले, मोराची मान हातभर लांब झाली. व्यापाऱ्याने लुगडी अंगावर फेकली होती...

मी तिला म्हटलं, "चौकोन ताणू नको गं. उंचीत आणि रुंदीत बघ, जिकडं जागा कमी पडते तिकडचं माप धर. अख्खे चौकोन बसव, उरलेली जागा दोन्ही बाजूला सारखी कोरी सोड."

"ह्यो काय माग हाय व्हय आप्पा? तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

तरी मी रोज विचारत राहिलो, मोर नीट झाला का... ती दार लावून घ्यायची.

प्रदर्शनात परीक्षक सर आले आणि त्यांनी आल्या आल्या खिडकी ओढून मोठी केली. मी डोळे मिटले. उघडून बघतो तर मोर ताठ उभा, चौकोन सगळे सारखे, दोन्ही बाजूला कोरी पट्टी!

सरांनी कानडीत विचारलं, ही युक्ती कुणाची? मी हातभर अंतरावर, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. नकळत टोपी नीट केली.

"माझीच, सर," ती म्हणाली. आणि हे कोण, सरांनी माझ्याकडे बघत विचारलं. "आजोबा. बघायला आलेत."

कानडी मला तिच्यापेक्षा बरी येते, हे ती विसरली असावी.

बसमध्ये मी दोघांची तिकिटं काढली. ती खिडकीबाहेर बघत होती. मी विणलेल्या लुगड्यांवरही नाव दुकानाचंच असायचं, तेव्हा कधी एवढं लागलं नव्हतं... आता हे लिहिलंय, तर ती वाचेल आणि रागावेल याचीही धास्ती आहेच.

पण मोराची मान सरळ होती. दार लावून का होईना, तिने माझं ऐकलं... तेवढ्यापुरता मी तिचा आभारी आहे.