गंजलेलं फाटक

दिवाळखोरीत गेलेल्या लोकांची गृहकर्जं बँकेकडून स्वस्तात विकत घेणाऱ्या एका कंपनीत मी पैसे गुंतवले आहेत. कोर्टाचं काम संपलं की गहाण घर विकलं जातं आणि आम्हाला आमचा वाटा मिळतो. साताऱ्याला गेलो होतो तेव्हा वाटेत त्यातलंच एक घर लागत होतं. म्हटलं, बाहेरून बघून घ्यावं.

फाटकाशी साठीचे एक गृहस्थ उकिडवे बसून पॉलिशपेपरने गंज घासत होते. शेजारी हिरव्या रंगाचा डबा होता. मला आधी बरंच वाटलं. घर नीट राखलंय, म्हणजे भाव चांगला येईल.

नीटनेटकं काही दिसलं की माणसाला उगीचच आनंद होतो. माझा तो आनंदसुद्धा उगीच राहिला नव्हता, त्यात भावाचा हिशेब शिरला होता. स्वतःचीच लाज वाटली.

"कोणाकडे आलात?" त्यांनी विचारलं.

"सहज चाललो होतो. घर छान ठेवलंय तुम्ही."

ते हसले. "राहतंय की जातंय, कोर्टाला ठाऊक. पण आहोत तोवर गंजू कशाला द्यायचं? उद्या येईल त्याच्या हाताला बोचायला नको."

हे घर विकलं की त्यात माझाही वाटा आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते ब्रश रंगात बुडवत म्हणाले, "बरं झालं आलात. हे फार हलतं, जरा धरता का?"

मी दोन्ही हातांनी फाटक धरलं. ते अगदी मन लावून रंग देत राहिले आणि मी खाली मान घालून उभा राहिलो.