तात्कालिक कारण

राज्यक्रांतीची कारणं आमच्या घरात जेवणाच्या ताटाबरोबर वाढली जायची. बाबा विदर्भातल्या एका तालुक्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे आणि फ्रान्सच्या लोकांनी आपल्या राजाला का हाकललं, हा त्यांचा सगळ्यात लाडका धडा. ते वर्गात ‘का’ म्हणतच नसत. "राजा गेला. काहून गेला?" आमच्याकडे काहून म्हणजे का. मग पोरं धडाधड कारणं सांगायची: राजाची उधळपट्टी, करांचं ओझं, महागलेला पाव. शेवटी एक तात्कालिक कारण यायचं. ते ज्यानं लिहिलं नाही त्याचे मार्क बाबा निर्दयपणे कापायचे. "बाकीची कारणं वर्षानुवर्षं पडून राहतात बाप्पा," ते म्हणायचे. "त्यापायी कोणी घराबाहेर निघत नाही."

पुढे मीही इतिहासच शिकवायला लागले, पुण्यात, एका कॉलेजात. कारणं तीच, फक्त मी ‘का’ म्हणायचे. पुण्यात काहून म्हटलं की लोक हसतात, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

आई गेल्यावर बाबांना मी हिंजवडीच्या पलीकडच्या माझ्या फ्लॅटवर आणलं, आठव्या मजल्यावर. मी एकटी, ते एकटे, आमचं छान जमलं असतं. पण वर्षभरात त्यांच्या किडन्यांनी हात टेकले आणि एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. मशीनवर जाऊन पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं, की पुढच्या पाळीपर्यंत माणसासारखं जगायचं. चुकवलं तर अंगात पाणी साठतं आणि श्वास कोंडतो. बाबांचं जगणं आता सेंटरपर्यंत पोचण्यावर होतं.

आणि आमच्याकडे राजाही होता. सोसायटीचे चेअरमन. पहिल्या वर्षापासून तेच, दरवेळी बिनविरोध. माणूस दुष्ट नव्हता हो. दुष्ट असता तर बरं झालं असतं, कोणीतरी भांडलं असतं. आणि बिनविरोध येण्याचीही एक रीत होती. वार्षिक सभा सकाळी दहाला, दोन इमारतींच्या मधल्या चौकात. दहाला तिथे कोण? चेअरमन, सेक्रेटरी आणि चहाचा थर्मास. गणसंख्या भरली नाही म्हणून सभा तहकूब. नियम असा, की अर्ध्या तासानं त्याच जागी सभा पुन्हा भरते आणि तेव्हा गणसंख्या लागत नाही. तीन माणसं असली तरी सगळे ठराव पास. हे अख्ख्या सोसायटीला तोंडपाठ होतं, म्हणून खाली कोणी उतरायचंच नाही. सगळे आपापल्या बाल्कनीत कप घेऊन उभे आणि तिथून शेरे मारणार. "काय, झाला का राज्याभिषेक?" उंटावरून शेळ्या हाकाव्यात तर आमच्या लोकांनी. चेअरमनही हसून वर हात हलवायचे.

त्या वर्षी श्रावणात लिफ्ट बंद पडली. दुसरी आधीपासूनच बंद होती, तिचे भाग काढून हिला बसवले होते. नळाला पाणी नाही, टँकर आला की बादल्या भरायच्या, हे तर रोजचंच. आणि त्याच दिवसांत गेटपाशी कारंज्याचं बांधकाम सुरू झालं. रंगीत दिव्यांचं कारंजं! मी चेअरमनना त्यांच्या घरीच गाठलं.

"अहो, लिफ्टचं काय?"

"प्रोसेस चालू आहे मॅडम."

"आणि हे कारंजं?"

"ते मागच्या सभेत पास झालंय. आपण होता ना सभेला?"

मी बाबांच्या डायलिसिसचं सांगितलं तेव्हा त्यांच्या मिसेस दारात आल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "अगं, मग घरी नाही का येत ते करायला? हल्ली सगळं घरपोच मिळतं." त्या खरंच मनापासून म्हणाल्या होत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली.

पहिल्यांदा दोन वॉचमननी बाबांना पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर टेकायचं, दम घ्यायचा. बाबा म्हणाले, "पालखी निघाली बाप्पा." पुढच्या वेळी चेअरमननी वॉचमनना झापलं, गेट सोडून गेलात म्हणून. ते बंद. सातव्या मजल्यावरच्या कंपनीतल्या मुलांनी दोनदा नेलं, मग "काकू, सॉरी, कॉल आहे." ॲम्ब्युलन्सवाला फोनवरच म्हणाला, "आठवा मजला आणि लिफ्ट नाही? नाही जमणार." मी तळमजल्यावर भाड्यानं खोली शोधली, तर पेशंट आहे म्हटल्यावर घरमालकांचे चेहरे बदलायचे. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. जोडलेले हात आले, अंगठे आले, एक फूलही आलं. माणूस एक आला नाही.

डायलिसिसच्या पाळ्या चुकायला लागल्या. बाबांचे पाय सुजून गुळगुळीत झाले. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून ते बसूनच झोपायचे. एका दुपारी टँकरच्या पाण्याची बादली जिन्यानं वर आणताना माझ्या हातून सांडली, दोन मजले धुऊन निघाले. मी तिथेच ओल्या पायरीवर बसून गळा काढला. घरात आले तरी रडू थांबेना.

"काहून रडून राहिली माय?"

"बाबा, सगळी कारणं आहेत हो! पाणी नाही, लिफ्ट नाही, वर कारंजं आहे. पुस्तकात आहेत ती सगळी आहेत. मग हे लोक उठत का नाहीत?"

बाबा जरा वेळ श्वास जमवत राहिले. "लोकाइले वाटते, हे तुयं दुखणं हाय. ज्याचं त्यानं निस्तरावं. सगळ्याइचं एकाच दिवशी दुखाव लागते." मग हसले. "तात्कालिक कारण लिहिलं नाही तू. मार्क कापले."

मला त्यांचा राग आला. मरायला टेकलेला माणूस मार्क काय कापतो! पण त्याच रागात मी उठले. सभा गणपतीनंतरच्या रविवारी होती. मी एकेक दार वाजवलं. फक्त दहाला खाली या, म्हटलं, अर्ध्या तासानं नाही, दहाला. गणसंख्या भरली की लिफ्टचा ठराव मी मांडते. "येणार म्हणजे काय मॅडम, येणारच!" प्रत्येक दारात हेच.

शनिवारची पाळीही चुकली. मी हातापाया पडले तेव्हा सेंटरवाल्यांनी रविवारी दुपारची एक जागा दिली आणि बजावलं, आता ही चुकवू नका. कारंज्यावर काम करणारे दोन गवंडी त्या रविवारी कामावर होते. त्यांनीच बाबांना खुर्चीत घालून खाली आणलं. गाडी अकराला येणार होती. तोवर बाबा चौकात बसतील, लोक बघतील, ठराव होईल आणि आम्ही निघू, असा माझा हिशेब.

दहा वाजले. चेअरमन, सेक्रेटरी, थर्मास, मी आणि बाबा. वर सगळ्या बाल्कन्या भरलेल्या. चेअरमननी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "तहकूब." कसला संताप आला मला! जिन्यातले सगळे मजले, सगळी दारं, सगळे "येणारच" मला आठवले. मी वर बघून ओरडणार होते.

तेवढ्यात शेजारून वर्गातला आवाज आला. हो, वर्गातला. शिकवताना काहून चालायचं, पण शिस्त लावताना बाबा शुद्ध पुस्तकी बोलायचे.

"एकशे एक!"

बाल्कन्यांमधले लोक वाकून खाली बघायला लागले.

"एकशे दोन! हजेरी चालू आहे. एकशे तीन!"

तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी गमतीत म्हणालं, "हजर, सर!" वर हशा पिकला.

"हजर आहेस तर वर्गात ये," बाबा म्हणाले. "बाल्कनीतली हजेरी मी लावत नसतो."

तो खरंच आला. चांगला पन्नाशीचा गृहस्थ, हातात कप तसाच. मग बाबा नंबर घेत गेले, मध्ये थांबून धापा टाकत, आणि जिन्यात चपलांचे आवाज यायला लागले. आठशे दोनला मी म्हटलं, "हजर." त्यांनी मान डोलावली. चौक भरला. गणसंख्या भरली, तिच्यावर माणसं झाली. मला रडू आलं, पण ते आनंदाचं होतं.

आणि मग जे सुरू झालं! इतकी वर्षं दाबलेलं सगळं बाहेर आलं. टँकर, पार्किंग, कुत्री, गळकी गच्ची, कोणाच्या तरी मुलाची मोडलेली सायकल. चेअरमननी गच्चीच्या आणि पंपाच्या किल्ल्या टेबलावर आपटल्या. "घ्या! करा तुम्हीच!" टाळ्या, शिट्ट्या. राजा गेला. गेटवर आमची गाडी हॉर्न देत होती. बाबा गर्दीच्या मधोमध खुर्चीत होते. "वाट द्या हो, यांना न्यायचंय," मी ओरडत होते. एक जण मला म्हणाला, "काकू, एक मिनिट. इतकी वर्षं गप्प होतो, आता बोलू द्या." गवंडीही टाचा उंचावून बघत उभे. मग नवा चेअरमन कोण, यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले आणि कोणीतरी म्हणालं, "मॅडमच! मॅडमशिवाय आहे कोण?" सगळे हात वर. मी नाही म्हणत होते की वाट द्या म्हणत होते, कोणाला कळलं असेल?

बाबा खुर्चीत एका बाजूला कलले तेव्हा गर्दी हटली. गाडी केव्हाच गेली होती. शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं, तर पुढे हिंजवडीचा ट्रॅफिक, रविवारचाही. बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी विचारलं, "किती आले?"

"सगळे आले बाबा."

"मंग बरं," ते म्हणाले. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

लिफ्ट पंधरवड्यात सुरू झाली. दोन्ही. शोकसभेला सगळे आले, दोन मिनिटं उभे राहिले, "सरांमुळेच झालं सगळं," म्हणाले. मी चेअरमन झाले, कारण किल्ल्या घ्यायला दुसरं कोणी पुढे येईना. टँकरवाल्याशी भांडले, कारंजं अर्धवटच ठेवलं. कोणी तक्रार केली नाही, कोणी मदतही केली नाही.

यंदाची सभा रविवारी दहाला होती. आता लिफ्टनं खाली यायला एक क्षण पुरतो. मी चौकात गेले, शेजारी ती पांढरी खुर्ची मांडली. सेक्रेटरींनी चहा ओतला. दहा वाजले, आणि वर बघते तर सगळ्या बाल्कन्या भरलेल्या. मी बाबांसारखी हजेरी घ्यायला लागले. एकशे एक. एकशे दोन. कोणी मोबाइल काढून शूटिंग करत होतं. आवाज बसेपर्यंत मी नंबर घेतले. आठशे दोनला मीच "हजर" म्हटलं.

"मॅडम, अर्धा तास झाला," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "तुमच्याच नावाचा ठराव आहे. बिनविरोध."

वरून कोणीतरी ओरडलं, "काय मॅडम, झाला का राज्याभिषेक?"

मी वर पाहिलं, आणि इतक्या वर्षांनी तोंडातून तेच निघालं. "काहून? काहून नाही उतरत तुम्ही?"

सगळ्या बाल्कन्यांमधून लोक हसले.